तारकर्लीचे पांढरे माड : फिल्मच्या नजरेचा इतिहास

१/
आजचा धागा एका कल्पनेतल्या दृश्यापासून सुरू करू. तारकर्लीची पुळण, भर दुपारचे बारा. पण आकाश मध्यरात्रीसारखे काळे आहे, समुद्र शाईसारखा गडद आहे आणि किनाऱ्यावरचे माड हिम पडल्यासारखे शुभ्र दिसत आहेत. ही संगणकाची करामत नव्हे. चावी भरून चालणाऱ्या जुन्या मूव्ही कॅमेऱ्यात अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड, फिल्म भरून पुढे गडद लाल फिल्टर लावला, तर हा किनारा साधारण असाच टिपला जाईल.

२/
मग कॅमेरा खोटे बोलला काय? मुळीच नाही. त्याने आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश प्रामाणिकपणे नोंदवला. आजच्या धाग्याचा मुद्दा एवढाच आहे : प्रत्येक काळातील फिल्मची स्वतःची नजर होती आणि ती मानवी डोळ्याची नजर नव्हती. जुने छायाचित्र किंवा मूकपट पुरावा म्हणून वाचणाऱ्याने आधी विचारावे, ‘या फिल्मला कोणता प्रकाश दिसत होता?’ या प्रश्नाचा इतिहास विजयदुर्ग, दादर आणि कोल्हापूर या आपल्या गावांतूनही जातो.

३/
प्रथम थोडे शास्त्र. मानवी डोळ्याला जांभळ्यापासून लालपर्यंतचा, म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाश लोलकातून पाडून प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. लालाच्या अलीकडे थांबणारी आपली दृष्टी आणि लालाच्या पलीकडे चालू राहणारा प्रकाश यांतील सीमारेषा त्या दिवशी प्रथम ओलांडली गेली.

४/
येथे एक गैरसमज दूर करू. अवरक्त फिल्म म्हणजे अंगाची उष्णता टिपणारा ‘थर्मल’ कॅमेरा नव्हे. शरीराची उष्णता बरीच लांब तरंगलांबीची असते. ती फिल्मला दिसत नाही. अवरक्त फिल्म टिपते तो लालाला अगदी लागून असलेला, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा, वस्तूंवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. म्हणून या फिल्मला दिवसा ऊन लागते. काळोखात ती आपल्याइतकीच आंधळी असते.

५/
हर्शेल घराण्याचा आपल्या भागाशीही संबंध आला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी विल्यम हर्शेल यांचे नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात वर्णपटदर्शक लावून बसले होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या तांबड्या ज्वालांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्याच ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते. आजोबांनी लालापलीकडचा प्रकाश शोधला होता आणि नातू लाल ज्वालांचे रहस्य शोधत होता.

६/
आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात येऊ. तारकर्लीच्या उत्तरेला, देवगड तालुक्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवले जातात आणि नॉर्मन लॉकयर यांनी १८६८ साली येथूनच हेलियम शोधला असे सांगितले जाते. ही कथा दोन घटनांची सरमिसळ आहे. १८६८ साली लॉकयर इंग्लंडमध्ये होते. ग्रहण संपून दोन महिने झाल्यावर, २० ऑक्टोबर रोजी, त्यांनी तिथूनच सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्यातील पिवळ्या रेषेतून पुढे हेलियमची कल्पना निघाली.

७/
लॉकयर विजयदुर्गावर खरोखर आले ते तीस वर्षांनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील नौसैनिक त्यांच्या मदतीला होते. दुर्बिणी, कॅमेरे आणि वर्णपटदर्शक किल्ल्यावर मांडले गेले. म्हणजे विजयदुर्गाचा मान कमी होत नाही, फक्त त्याची तारीख बदलते. आणि बदललेली तारीख आपल्या विषयासाठी अधिक मोलाची आहे, कारण १८६८ साली मूव्ही कॅमेरा नव्हता. १८९८ साली होता.

८/
लॉकयर यांच्या तुकडीत मार्क्विस ऑफ ग्रॅहॅम हे तरुण उमराव होते. खग्रास सूर्यग्रहणाचे पहिले चलच्चित्र घेतल्याचे श्रेय त्यांच्या नावावर नोंदले गेले आहे. त्याच दिवशी, त्याच ग्रहणाच्या वाटेवर, दूर बक्सरला नेव्हिल मॅस्केलीन या जादूगारानेही मूव्ही कॅमेरा लावला होता. परतीच्या प्रवासात त्याची फिल्म नाहीशी झाली. दोन वर्षांनी, १९०० साली, त्याने अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात घेतलेली ग्रहणाची फिल्म मात्र आजही पाहता येते.

९/
काळ लक्षात घ्या. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला ७ जुलै १८९६ रोजी. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली १८९९ साली. विजयदुर्गाचे ग्रहण या दोन घटनांच्या मध्ये येते. कोकण किनाऱ्यावर चलच्चित्राचा कॅमेरा आला तो करमणुकीसाठी नव्हे, तर डोळ्याला जेमतेम दोन मिनिटे दिसणारी गोष्ट पकडून ठेवण्यासाठी.

१०/
पण त्या कॅमेऱ्यातील फिल्मला काय दिसत होते? त्या काळची साधी फिल्म निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच ओळखत असे. किल्ल्यावर उभ्या माणसाला खग्रास क्षणी सूर्याच्या कडेच्या ज्वाला तांबड्या दिसतात, कारण त्यांतील हायड्रोजनचा प्रकाश प्रामुख्याने लाल असतो. साध्या फिल्मला तो लाल प्रकाश दिसतच नव्हता. त्याच ज्वालांमधून निघणारा निळा-जांभळा प्रकाश तेवढा तिने टिपला. माणूस आणि फिल्म एकाच ज्वालेकडे पाहत होते, पण दोघांनी तिचे वेगवेगळे रंग पाहिले.

११/
हे आंधळेपण दूर करण्याची किल्ली १८७३ सालीच सापडली होती. हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की फिल्मवरील चांदीच्या क्षारांच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले, तर ते द्रव्य शोषेल त्या रंगाचा प्रकाशही लेप ओळखू लागतो. हिरव्या-पिवळ्या रंगापर्यंत पोचलेल्या फिल्मला ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ म्हणू लागले. तिला लाल अजूनही दिसत नव्हता. लालापर्यंत पोचलेली ती ‘पँक्रोमॅटिक’. आणि लालापलीकडे गेलेली ती अवरक्त. फिल्मच्या नजरेच्या या चार पायऱ्या ध्यानात ठेवा : साधी, ऑर्थो, पँक्रो, अवरक्त.

१२/
आता दादासाहेब फाळके. चित्रपटात येण्यापूर्वी ते रंगीत छपाईच्या धंद्यात होते आणि त्यासाठी १९०९ साली जर्मनीलाही जाऊन आले होते. त्या छपाईत एकच चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीनदा टिपावे लागे. प्लेट कोणता रंग पाहते आणि कोणता गिळते, हा त्या धंद्यात रोजचा प्रश्न होता. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारा माणूस प्रकाशाच्या या हिशेबातून तयार होऊन आला होता, ही बाब सहसा सांगितली जात नाही.

१३/
१९१२ साली फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. फिल्मच्या कडेची छिद्रे पाडण्याचे यंत्रही त्यांना घ्यावे लागले, कारण कच्ची फिल्म छिद्रांविना येत असे. अंधारात बसून ती छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. भांडवलदारांना पटवण्यासाठी फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा वेल लावला आणि दिवसेंदिवस एकेक चौकट टिपत त्याच्या वाढीचे चलच्चित्र केले. थोड्याच वेळात अंकुर फुटून वेल वर चढताना दिसे.

१४/
या वाटाण्याच्या फिल्मकडे आपण केवळ गमतीची गोष्ट म्हणून पाहतो. वास्तविक तो डोळ्याच्या मर्यादेवरचा प्रयोग होता. वेल वाढतो, पण इतक्या सावकाश की वाढताना दिसत नाही. फाळक्यांनी काळ आखडून अदृश्य गोष्ट दृश्य केली. अवरक्त फिल्म हेच काम रंगाच्या बाबतीत करते. मूव्ही कॅमेऱ्यातील अवरक्त प्रयोगांना आपल्याकडे पूर्वज शोधायचा, तर तो कुंडीतला हा वेल आहे.

१५/
‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नव्हता. याचे परिणाम समजून घ्या. निळे आकाश पांढरे उतरे, म्हणून जुन्या मूकपटांत आभाळ कायम भरून आल्यासारखे भासते. कुंकू काळे. लाल पागोटे काळे. ओठ काळपट. निळी वस्त्रे फिकट. भगवा झेंडा जवळजवळ काळा. एखाद्या मूकपटातील गडद लुगडे पाहून ‘तेव्हा काळा रंग लोकप्रिय होता’ असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक इथेच फसतो.

१६/
लालाला आंधळी असण्याचा एक मोठा फायदाही होता. ती फिल्म लाल दिव्याच्या उजेडात धुता येई. काम करणारा माणूस रसायनात बुडवलेल्या पट्टीवर चित्र उमटताना डोळ्यांनी पाहू शके आणि नेमक्या क्षणी ती बाहेर काढी. पुढे पँक्रोमॅटिक फिल्म आली आणि हा लाल दिवा विझला. आता पूर्ण अंधारात, घड्याळ आणि तापमापक यांच्या भरवशावर काम करावे लागे. फिल्मला नजर मिळाली, पण तिला धुणाऱ्या कारागिराची नजर गेली.

१७/
कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी स्वतः मूव्ही कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला होता. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्यासारख्या शिष्यांच्या साथीने १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. बाबूराव मुळात चित्रकार. पडद्यावर कुंचल्याने रंग भरणाऱ्या माणसाला एक निर्मम अट पाळावी लागत होती : रंग डोळ्याला कसा दिसतो यापेक्षा फिल्मवर कोणत्या करड्या छटेत उतरतो, हे महत्त्वाचे.

१८/
चित्रपटासाठी पँक्रोमॅटिक फिल्म १९१३ पासून खास मागणीवर मिळत होती. ती सर्रास वापरात आली १९२० च्या दशकात. आता आकाशाला करडी छटा मिळाली, ढग दिसू लागले, चेहऱ्याच्या त्वचेचा पोत खरा वाटू लागला. कोल्हापुरात १९२९ साली प्रभातची स्थापना झाली तेव्हा ही स्थित्यंतरे जगभर घडत होती. प्रभातने १९३३ साली ‘सैरंध्री’ पुन्हा केला, तोही रंगीत. त्याची प्रक्रिया जर्मनीत झाली. रंग मनासारखे उतरले नाहीत. रंगाची नजर कमावणे किती कठीण होते, याचा तो पुरावा.

१९/
दरम्यान फिल्म लालाच्या पलीकडेही गेली होती. इंग्लंडमध्ये विल्यम ॲबनी यांनी १८८० च्या सुमारास खास लेप तयार करून सूर्याचा अवरक्त वर्णपट टिपला. १९१० साली अमेरिकन पदार्थशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी निसर्गदृश्यांची अवरक्त छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील झाडे पांढरी होती आणि आकाश काळे. झाडांच्या या शुभ्रतेला आजही ‘वुड परिणाम’ म्हणतात. या नावाचा लाकडाशी काही संबंध नाही! पुढे नवी रंगद्रव्ये सापडली आणि अवरक्त फिल्म मूव्ही कॅमेऱ्यात चालवण्याइतकी जलद झाली.

२०/
मग हॉलिवूडने तिचा धंद्यात उपयोग केला. रात्रीचे प्रसंग रात्री चित्रित करायला प्रचंड दिवे लागत. त्याऐवजी भर उन्हात अवरक्त फिल्म आणि लाल फिल्टर वापरला की आकाश काळे होई आणि ‘चांदणी रात्र’ मिळे. दोष एकच : झाडे चांदण्यात न्हाल्यासारखी नव्हे, तर बर्फात बुडाल्यासारखी दिसत, आणि माणसांचे चेहरे मेणासारखे पांढुरके. म्हणून झाडांपासून दूर जागा निवडावी लागे आणि नटांची रंगभूषा बदलावी लागे.

२१/
आता माड पांढरे का, ते पाहू. पान हिरवे दिसते कारण त्यातील हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषते. पण ७०० नॅनोमीटरच्या पुढे हरितद्रव्याचे काम संपते. तो प्रकाश पानाच्या आत शिरतो, पेशी आणि त्यांमधील हवेच्या पोकळ्या यांवर आपटत राहतो आणि बराचसा बाहेर परततो. बारीक चुरलेला बर्फ ज्या कारणाने पांढरा दिसतो, काहीसे तेच कारण. म्हणजे ही शुभ्रता पानाच्या रंगाची नसून त्याच्या आतल्या रचनेची आहे. पान आजारी पडले की ती घटते. हा मुद्दा लक्षात ठेवा.

२२/
आकाश काळे का? हवेतील रेणू आखूड तरंगांचा प्रकाश अधिक विखुरतात. ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाच्या तुलनेत ८०० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सोळापट कमी विखुरतो. निळेपण आले की आकाश उजळते, ते गेले की काळवंडते. समुद्र काळा, कारण तो काळे आकाशच परावर्तित करतो आणि आत शिरलेला अवरक्त प्रकाश पाणी शोषून घेते. पण कोकणातील दमट हवेत पाण्याचे कण मोठे असतात. दाट धुके असेल तर अवरक्त फिल्मचीही नजर पोचत नाही. ऑक्टोबर सरल्यानंतरचे कोरडे, स्वच्छ ऊन हाच योग्य काळ.

२३/
आता एकच चौकट चार फिल्मवर घेऊ. समोर मालवणचा सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर याची पायाभरणी केली. साध्या फिल्मवर आकाश पांढरे, जांभ्या दगडाचे बांधकाम आणि माड काळपट, भगवा काळा. ऑर्थोवर झाडे जरा उजळ, जांभा आणि भगवा तसेच. पँक्रोवर सारे डोळ्याच्या जवळपास. अवरक्तावर माड शुभ्र, आकाश-पाणी काळे, जांभा फिकट, आणि भगवा बहुधा जवळजवळ पांढरा, कारण कापडाचे अनेक रंग अवरक्त प्रकाशाला अडवतच नाहीत. एकच झेंडा, एका फिल्मवर काळा, दुसऱ्यावर पांढरा. दोन्ही चित्रे खरी.

२४/
जुन्या मूव्ही कॅमेऱ्यात हा प्रयोग करताना अडचणी कुठे येतात? पहिली, कॅमेऱ्याचे अंग. आपल्या डोळ्याला अपारदर्शक वाटणारे काही लाकूड, चामडे, जुने प्लॅस्टिक किंवा काळा रंग अवरक्त प्रकाशाला थोडी वाट देतो. लाकडी कॅमेऱ्यात फिल्म आतल्या आत धुरकट होऊ शकते. धातूचे अंग असलेला, १९३५ पासून तयार होऊ लागलेल्या बोलेक्स एच-१६ सारखा १६ मिलिमीटरचा कॅमेरा अधिक भरवशाचा.

२५/
दुसरी अडचण, फिल्म भरणे. साधारण १६ मिलिमीटर फिल्मची चकती सावलीत भरता येते. कोडॅकची प्रसिद्ध अवरक्त फिल्म मात्र संपूर्ण अंधारात भरावी लागे. तिच्या पाठीला प्रकाश अडवणारा थर नव्हता आणि पट्टी काचेसारखी नितळ होती. बाहेर राहिलेल्या टोकातून प्रकाश नळीतून यावा तसा आत शिरे. त्याच कारणाने तेजस्वी वस्तूंभोवती धूसर प्रभावळ येई आणि कधी फिल्ममागच्या दाबपट्टीची नक्षीही चित्रात उमटे. ज्या प्रभावळीला आज ‘स्वप्नवत’ म्हणतात, ती मुळात एका थराची उणीव होती.

२६/
तिसरी, फोकस. लेन्समधून जाताना अवरक्त प्रकाश दृश्य प्रकाशापेक्षा कमी वळतो, म्हणून त्याचे स्पष्ट चित्र किंचित मागे पडते. जुन्या लेन्सच्या कड्यावर फोकसच्या खुणेशेजारी एक लहान लाल खूण असते. पुष्कळांना ती कशासाठी, हे ठाऊक नसते. ती याचसाठी : डोळ्याने फोकस ठरवा, मग ते अंतर लाल खुणेवर आणा. चौथी, दृश्यदर्शक. पूर्ण अपारदर्शक फिल्टर लावला तर लेन्समधून पाहणाऱ्याला काळोखच दिसतो. तिथे बाजूला वेगळी खिडकी असलेला जुना कॅमेरा नव्यापेक्षा सरस ठरतो.

२७/
पाचवी, प्रकाशाचे मोजमाप. साधा प्रकाशमापक अवरक्त प्रकाश मोजत नाही, त्यामुळे एकच दृश्य तीन-चार वेगवेगळ्या छिद्रमानांवर घेऊन पाहावे लागते. सेकंदाला १६ चौकटी या जुन्या गतीने चालवला तर प्रत्येक चौकटीला साधारण १/३२ सेकंद मिळतो. २४ चौकटींना तोच वेळ १/४८ होतो. मंद फिल्म आणि गडद फिल्टर असताना मूकपटाची ही संथ गती वरदान ठरते. सहावी अडचण खास आपल्या किनाऱ्याची : उष्मा आणि दमटपणा. अवरक्त लेप उष्णतेने लवकर धुरकटतो, म्हणून फिल्म शीतपेटीत ठेवणे भाग.

२८/
आता एकविसाव्या टप्प्यावरचा मुद्दा आठवा : आजारी पानाची शुभ्रता घटते. दुसऱ्या महायुद्धात याच तत्त्वावर रंगीत अवरक्त फिल्म वापरली गेली. तिच्यावर जिवंत झाडे लाल दिसतात, पण हिरव्या रंगाने झाकलेला रणगाडा लाल दिसत नाही. वेषांतर उघडे पडते. युद्धासाठी घडवलेली ही नजर १९७० साली भारतात वेगळ्याच कामाला लागली, आणि तीही माडांसाठी.

२९/
केरळमधील नारळाच्या बागांना ‘रूट विल्ट’ रोगाने ग्रासले होते. विक्रम साराभाईंच्या प्रोत्साहनाने पिशारोथ राम पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून रंगीत अवरक्त फिल्मवर बागांची छायाचित्रे घेतली. निरोगी आणि रोगट माड फिल्मवर वेगळे उमटले. हे पिशारोटी आपल्याला परके नाहीत. कुलाबा-अलिबाग वेधशाळांचे संचालकपद आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालकपद त्यांनी भूषवले होते. भारतातील दूरसंवेदनाचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. १७ मार्च १९८८ रोजी झेपावलेल्या ‘आयआरएस-१ए’ या उपग्रहाच्या कॅमेऱ्यातही अवरक्त पट्टा होता.

३०/
म्हणजे अवरक्त फिल्मवर पांढरा पडलेला माड हे केवळ सुंदर दृश्य नाही. तो माड निरोगी असल्याची ती खूण आहे. कर्ली नदीच्या मुखाशी असलेली खारफुटी आज उपग्रहाच्या नकाशावर मोजली जाते, तीही याच परावर्तित प्रकाशावरून. कलावंताला भुरळ घालणारी शुभ्रता आणि शेतकऱ्याला सावध करणारी शुभ्रता एकच आहे.

३१/
कलावंतांनीही हे माध्यम सोडले नाही. मिखाईल कलातोझोव यांच्या १९६४ च्या ‘सॉय कुबा’ या चित्रपटात छायाचित्रकार उरुसेव्स्की यांनी अवरक्त फिल्म वापरली आणि क्युबाचे ताडमाड काळ्या आकाशाखाली शुभ्र पिसांसारखे उभे केले. तारकर्ली अवरक्तात कशी दिसेल याची कल्पना हवी असेल तर तो चित्रपट पाहावा. रिचर्ड मॉस यांनी काँगोतील संघर्षावर १६ मिलिमीटर रंगीत अवरक्त फिल्मवर ‘द एन्क्लेव्ह’ घडवली आणि ती २०१३ साली व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात मांडली. तिथे हिरवे डोंगर गुलाबी-लाल झाले.

३२/
पण फिल्मचे आयुष्य संपत आले होते. कोडॅकने आपली कृष्णधवल अवरक्त फिल्म २००७ साली बंद केली आणि पुढे रंगीत अवरक्त फिल्मही गेली. आज ज्या थोड्या फिल्म मिळतात, त्या लालाच्या जरा पुढेपर्यंतच पाहतात आणि बहुतेक स्थिर कॅमेऱ्यासाठी असतात. त्यांच्या छिद्रांचा आकार मूव्ही निगेटिव्हच्या छिद्रांहून किंचित वेगळा, त्यामुळे जुन्या मूव्ही कॅमेऱ्यात चित्र थोडे हलते. छिद्रांचा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा प्रयोग करणाऱ्याच्या दारी आला आहे. सरस्वतीबाईंना तो ओळखीचा वाटला असता.

३३/
आणि फिल्म केवळ बंद पडत नाही, ती जळते आणि विरते. मूकपटांची नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांची रिळे कायमची गेली. जे उरले आहे ते मोजके आहे. म्हणूनच उरलेल्या प्रत्येक चौकटीचे वाचन नेमके हवे. मूळ रंग कळायचा दुसरा मार्ग नसताना चुकीचा रंग गृहीत धरला, तर तीच चूक पुढच्या पुस्तकात, देखाव्यात आणि रंगवलेल्या छायाचित्रात इतिहास म्हणून स्थिरावते.

३४/
आज जुनी कृष्णधवल चित्रे संगणकाकडून रंगवून घेण्याची लाट आहे. संगणक काळ्या छटेला काळा किंवा करडा रंग देतो. पण ती छटा मुळात कुंकवाची, लाल पागोट्याची किंवा भगव्याची असू शकते. विसाव्या शतकाच्या आरंभीचे चित्र असेल तर हा संशय आधी घ्यावा. आकाश कोरे पांढरे आहे काय? ओठ आणि कुंकू काळे आहेत काय? असे असेल तर ती फिल्म लालाला आंधळी होती असे समजून पुढे वाचावे.

३५/
धाग्याचे सार. विजयदुर्गावर १८९८ साली फिल्मने तांबड्या ज्वाला त्यांच्या जांभळ्या प्रकाशातून पाहिल्या. दादरला तिने कुंकू काळे केले. विसाव्या शतकात ती लाल शिकली, मग लालाच्या पलीकडे जाऊन तिने माड पांढरे केले आणि त्यांचा आजारही ओळखला. साक्षीदार बदलत गेला, म्हणून साक्षही बदलत गेली. न्यायालयात साक्षीदाराला विचारतात, ‘तुम्ही कुठे उभे होतात आणि तिथून काय दिसत होते?’ इतिहासाच्या अभ्यासकाने फिल्मलाही हेच विचारावे.

३६/
तुमच्या घरातील जुने अल्बम काढा. आजी-पणजीच्या फोटोतील ‘काळे’ लुगडे खरोखर काळे होते काय, हे घरातील ज्येष्ठांना विचारा आणि उत्तर फोटोच्या मागे पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहून ठेवा. फिल्मने जो रंग पाहिला नाही, तो आता फक्त माणसांच्या स्मरणात उरला आहे, आणि ती साक्ष फार काळ थांबणार नाही.